दोनदा घातलेली दुर्बीण

दादाच्या शौचातून रक्त जातं हे आम्हाला कळायला आठ महिने लागले. वहिनीलासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं. खाण बंद पडल्यापासून तो डिचोलीत घरचं दुकान सांभाळतो. दिवसभर बसून राहिल्यामुळे मूळव्याध झाली असणार, असं त्याने स्वतःच ठरवलं, आणि ज्या दवाखान्यात तो गेला तिथेही तेच ठरलं. मलम, चूर्ण, कोमट पाण्यात बसणं. आठ महिन्यांत एकदाही कोणी हातमोजा घालून बोटाने तपासलं नाही. २०२४च्या डिसेंबरात त्याला दुकानातच चक्कर आली, हिमोग्लोबिन सात निघालं, आणि मग बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दुर्बीण घातली तेव्हा मोठं आतडं गुदाशयाला मिळतं तिथे गाठ दिसली. तिसरा टप्पा. दादा ५६ वर्षांचा होता.

शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आज तो सकाळचं दुकान पुन्हा उघडतो. मी हे लिहायला बसले त्याचं कारण मात्र त्याच्या सर्जननी वॉर्डात विचारलेला एक प्रश्न आहे: "भावंडं किती?"

तीन. दादा, मधली मी, आणि वास्कोला असतो तो धाकटा.

सर्जननी केसपेपरच्या पाठीवर आकडा लिहून दिला: ४०. आईवडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कोणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर बाकीच्यांनी चाळिशीला, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करायची आणि पुढे दर पाच वर्षांनी करत राहायची. मी तेव्हा ४९ची होते, धाकटा ४४चा. दादाच्या गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी झाली होती. चारही शाबूत होती, म्हणजे घराण्यात उतरणारा, या कर्करोगाचा धोका वाढवणारा लिंच सिंड्रोम असण्याची शक्यता फार कमी. हे ऐकून धाकटा म्हणाला, "मग झालं तर!" त्याने तेवढंच ऐकलं होतं.

आमच्या घरात या विषयावर बोलायला शब्दच नाहीत. आई अजून "परसाकडे" म्हणते आणि तेही मान वळवून. मी चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण नवऱ्याला "खालून दुर्बीण घालून घ्यायची आहे" हे सांगायला मला तीन दिवस लागले. दादाचे आठ महिने कुठे गेले ते मला त्या तीन दिवसांत समजलं.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि जूनच्या पावसात मी पहिल्यांदा गेले. घराजवळ पडतं म्हणून फोंड्याच्या आसपासचंच एक खासगी रुग्णालय निवडलं. त्यांनी हातात एक चिठ्ठी दिली: दोन दिवस हलकं जेवण, आदल्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पावडर घातलेलं दोन लिटर पाणी, मग काही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला या. एवढंच. आता, हलकं जेवण म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पेज. म्हणून मी दोन दिवस उकड्या तांदळाची पेज जेवले, तोंडी लावायला तांबडी भाजी, सकाळी चहाबरोबर पोई, म्हणजे आमचा कोंड्याचा पाव. आजाऱ्याचं जेवण जेवते आहे असं समाधान होतं. प्रत्यक्षात कोंडा आणि चोथा यांची मी आतड्यात भर घालत होते.

तपासणी झोपेच्या इंजेक्शनखाली झाली. जागी झाले तेव्हा पोट ढोलासारखं तट्ट होतं, आणि रात्रीपर्यंत कळा येत राहिल्या. काउंटरवर रिपोर्ट देताना सांगितलं, "सगळं नॉर्मल. पाच वर्षांनी या." नवऱ्याने वाटेत म्हार्दोळला गाडी थांबवून देवळाबाहेरून हात जोडले.

रिपोर्ट मी रात्री वाचला. उत्तरपत्रिका तपासून तपासून समासातलं बारीक अक्षर आधी बघायची सवय लागली आहे. निष्कर्षाच्या चौकटीत "नॉर्मल" लिहिलं होतं. त्याच्या वर, इंग्रजीत, न ठळक केलेली ओळ होती. तिचा अर्थ असा: तयारी मध्यम, चढत्या, म्हणजे उजव्या बाजूच्या आतड्यात चिकट मळ, बारीक पॉलिप (अस्तरावर उगवणाऱ्या गाठी) नाहीत असं खात्रीने म्हणता येत नाही.

ही ओळ मी नऊ दिवस कोणाला दाखवली नाही. परत ते पाणी, परत ती रजा, परत तो संकोच. नॉर्मल हा शब्द इतका हवाहवासा असतो की त्याच्या वरची ओळ माणूस आपणहून खोडून टाकतो. दहाव्या दिवशी दादाच्या केमोसाठी बांबोळीला गेले होते, तेव्हा पर्समधून तो कागद काढून त्याच्या सर्जनसमोर धरला. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "टीचर, ही कोलोनोस्कोपी अर्धी झाली. डावी बाजू बघितली, उजवी राहिली. पाच वर्षं थांबायचं नाही. तयारी अपुरी असेल तर वर्षाच्या आत परत करायची असते."

मग त्यांनी मला मार्कांची पद्धत सांगितली, आणि शिक्षिका म्हणून ती मला लगेच पटली. बॉस्टन स्केल म्हणतात तिला. मोठ्या आतड्याचे तीन भाग करायचे: उजवा, मधला आणि डावा. धुऊन, ओढून घेऊन झाल्यावर प्रत्येक भाग किती स्वच्छ दिसतो त्याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण ९. पास व्हायला नुसती बेरीज ६ होऊन चालत नाही, प्रत्येक भागात किमान २ पाहिजेत. माझ्या पहिल्या रिपोर्टात गुणच लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मी ओळखीतल्या ज्याची ज्याची कोलोनोस्कोपी होते त्याला विचारते: किती गुण? उजवीकडे किती?

उजवीकडे का, तर संध्याकाळी सगळं औषध पिऊन झालं तरी लहान आतडं रात्रभर स्वस्थ बसत नाही. पित्त, पाचकरस खाली उतरतच राहतात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, त्यांचा चिकट लेप बसतो. माझी वेळ दुपारी दोनची होती. शेवटचा घोट घेतल्याला अठरा तास उलटले होते. म्हणून आता औषध दोन भागांत देतात: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. इतकी साधी गोष्ट. तिला ना नवीन यंत्र लागतं, ना जास्त पैसे लागतात. मला जूनमध्ये ती कोणीतरी सांगायला हवी होती.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर, सप्टेंबरात, पणजीतल्या दुसऱ्या ठिकाणी नाव घातलं. तिथल्या सिस्टरनी आम्हा दोघांना समोर बसवून वीस मिनिटं समजावलं, आणि त्या वीस मिनिटांची मी किती ऋणी आहे ते पुढे कळलंच. तीन दिवस उकडा तांदूळ बंद, सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाचा मऊ भात चालेल. पोई बंद, साधा पाव चालेल. पालेभाजी, कुळीथ, अळसांदे, काकडी, पेरू बंद. किसलेलं खोबरं बंद. आमच्या स्वयंपाकातून खोबरं काढलं की उरतं काय, म्हणून मी तीन दिवस वेगळी चूल मांडल्यासारखी जेवले. मुडदुशी चालेल, तिखट न घालता, काटे काढून. मी म्हटलं, "चवथीच्या नेवऱ्या अजून डब्यात आहेत." सिस्टर म्हणाल्या, "त्यात खसखस असते ना? नको." दुर्बिणीतून घाण ओढून घ्यायची जी नळी असते तिचा व्यास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. खसखस, तीळ, टोमॅटोच्या बिया तिथे जाऊन बसल्या की डॉक्टरांचा वेळ तुंबलेली नळी मोकळी करण्यात जातो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: शहाळं, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. लाल काही नको. सोलकढी नको, आमसुलाचं सार नको. तो रंग आतड्याच्या भिंतीवर रक्तासारखा दिसतो.

वेळ सकाळी दहाची. म्हणजे दुसरा हप्ता पहाटे चारला. ते पिऊन फोंड्याहून निघायचं, बाणस्तारीच्या पुलावर ट्रॅफिक लागला तर काय, या विचारानेच मला घाम फुटला. शेवटी आदल्या दिवशी ताळगावला नणंदेकडे मुक्कामाला गेलो. लांबून येणाऱ्या कोणालाही मी हाच सल्ला देईन: रुग्णालयाजवळ कोणाचंतरी घर शोधा, आणि त्या घरात दोन शौचालयं असली तर उत्तम.

औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकोल आणि क्षार. हे ग्लायकोल आतड्यात शोषलं जात नाही, पाणी स्वतःजवळ धरून ठेवतं आणि सगळं धुऊन नेतं. अंगातले क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून ते सोबत घातलेले असतात. चव कोमट खारट, त्यात गुळचटपणा. फ्रीजमध्ये थंड करून, स्ट्रॉने, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, वर लिंबाची फोड चोखायची. संध्याकाळचं एक लिटर सहज गेलं. पहाटेचं जाईना. नणंद चार वाजता उठून माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसली होती. तिसऱ्या ग्लासला उमासे यायला लागले तेव्हा तिने घड्याळ बघून सांगितलं, "अर्धा तास थांब, मग परत घे." थांबले, आणि मग गेलं. सहाच्या सुमारास जे बाहेर पडत होतं ते फिकट पिवळं, तळ दिसेल इतकं नितळ होतं. तयारी झाली की नाही हे ओळखायची खूण हीच. जूनमध्ये इतकं नितळ कधी झालंच नव्हतं, आणि मला ते विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.

त्या पहाटे मला दहावीच्या वर्गाची आठवण येत होती. पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना मी दरवर्षी सांगते की काचेच्या धाग्यात एका टोकाने शिरलेला प्रकाश आतल्या आत उड्या मारत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो, धागा वाकवला तरी. १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी अशा धाग्यांच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. ते वाचून अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण तयार केली, आणि १९५७ साली ती पहिल्यांदा स्वतः गिळली. आता टोकाला बारीक कॅमेरा असतो, धाग्यांतून चित्र आणावं लागत नाही. पण कोणीतरी आधी स्वतः गिळली होती, याचा मला त्या वेळी फार आधार वाटला.

बाकावर माझ्या शेजारी वाळपईकडची एक तरुण मुलगी बसली होती. तिची तपासणी तोंडातून होती. दोन वर्षं तिला घास उतरत नव्हता, पाणीसुद्धा छातीत अडकायचं, रात्री उशी ओली व्हायची. घरच्यांनी आधी मन रमत नसेल म्हणून सोडून दिलं, नंतर बाहेरची बाधा म्हणून बघितलं. निघाला अकॅलेशिया: अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल पडतच नाही. त्यावर पूर्वी छाती किंवा पोट उघडून, पुढे छोट्या छिद्रांतून शस्त्रक्रिया करत. तिच्यावर हैदराबादला पोएम नावाची दुर्बिणीतली शस्त्रक्रिया झाली होती. दुर्बीण तोंडातून घालायची, अन्ननलिकेच्या अस्तराला छोटी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये बोगदा करत खाली जायचं, आतूनच तो आवळलेला स्नायू कापायचा, आणि येताना चीर क्लिपा लावून मिटवायची. अंगावर बाहेरून एकही टाका नाही. जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ साली हे पहिल्यांदा माणसावर केलं. ती सांगत होती, "तिसऱ्या दिवशी पेज जेवले. घशाखाली गेलेली कळली." एवढं बोलून ती रडायला लागली. मला माझ्या दोन लिटरांचं काहीच वाटेनासं झालं.

आत नेलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "भिवपाचें कांयच ना, टीचर." डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी. सहीच्या कागदावर लिहिलेलं डॉक्टरांनी तोंडी पुन्हा सांगितलं: आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, हजारात एकाहून कमी जणांना. काही काढलं तर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, तसं झालं तर वाट न बघता यायचं. मी जूनच्या पोटफुगीचं सांगितलं. ते म्हणाले, आतडं फुगवायला आम्ही साधी हवा न भरता कार्बन डायऑक्साइड वापरतो. तो आतड्याच्या भिंतीतून भराभर रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. खरोखरच, जागी झाले तेव्हा पोट मऊ होतं. अकराला चहा-बिस्कीट खाल्लं.

आत काय झालं ते मी आठ दिवसांनी बघितलं. बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी व्हिडिओ लावला. स्वतःचं आतडं बघायला मिळतं आहे म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. नवरा खिडकीबाहेर बघत बसला.

दुर्बीण आधी थेट शेवटापर्यंत नेतात, जिथे अपेंडिक्सचं चंद्रकोरीसारखं तोंड दिसतं. खरं बघणं सुरू होतं ते परत बाहेर येताना. २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की परतीला सहा मिनिटांहून जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना कमी वेळ देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त पॉलिप सापडतात. आता सरासरी आठ मिनिटं तरी द्यावीत असं म्हणतात. माझ्या परतीला, काढायचा वेळ सोडून, अकरा मिनिटं लागली होती. उजवा भाग त्यांनी दोनदा बघितला. पहिल्या फेरीत काही नाही. दुर्बीण परत आत नेली, एका घडीमागे वळवली, आणि तिथे अस्तराला चिकटलेला पिवळट बुळबुळीत थर होता. शेवाळ म्हणावं तसा. त्यांनी पाण्याची धार सोडली. थर वाहून गेला आणि खाली फिकट, चपटा, ढगासारखा डाग राहिला, कडा कुठे संपते ते कळेना. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि पडद्याचा रंग बदलला. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या ठेवायच्या. तो प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून बारीक रक्तवाहिन्या आणि अस्तरावरचं नक्षीकाम उठून दिसतं. ढगाला कड आली. १४ मिलिमीटर.

सेसाइल सेरेटेड लीजन असं त्याचं नाव. सेरेटेड म्हणजे करवतीसारखं, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या ग्रंथींना दाते दिसतात म्हणून. नेहमीचा पॉलिप चामखिळीसारखा वर येतो. हा जमिनीला धरून राहतो, बहुतेकदा उजव्या बाजूला, आणि श्लेष्माची टोपी घालून बसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी १५ ते ३० टक्के या वाटेने येतात. मळाच्या लेपाखाली तो दिसण्याची शक्यता किती, हे मला विचारावं लागलं नाही.

"जूनमध्ये हा होताच ना?" एवढंच विचारलं.

"होताच. तीन महिन्यांत एवढा होत नाही."

पुढचा भाग मी त्यांना दोनदा लावायला सांगितला. दुर्बिणीतून सुई येते, डागाखाली निळा रंग मिसळलेलं द्रव टोचते, आणि भाजल्यावर फोड यावा तसा तो आख्खा भाग स्नायूपासून सुटून वर उचलला जातो. खाली निळी गादी तयार होते, म्हणजे कापताना आतड्याच्या भिंतीला धक्का नको. मग तारेचा फास येतो. पूर्वी या फासातून वीज सोडून जाळत कापत; आता अशा गाठींना बऱ्याचदा वीज न सोडता, नुसतं आवळून तुकड्या-तुकड्यांनी काढतात. जळालेली जागा काही दिवसांनी खपली पडून रक्त देऊ शकते, गार फासात तो धोका कमी. लहान पॉलिपांवर तैवानमध्ये चार हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला, तेव्हा उशिरा होणारा रक्तस्राव विजेच्या फासानंतर १.५ टक्के आणि गार फासानंतर ०.४ टक्के निघाला. माझा डाग तीन तुकड्यांत निघाला. दोन थेंब रक्त आलं आणि थांबलं. डिस्प्लेसिया नाही, म्हणजे पेशी अजून बिघडायला लागल्या नव्हत्या. तीन वर्षांनी परत.

व्हिडिओत मधूनमधून एक हिरवी चौकट उमटत होती. तिच्याबद्दल मी विचारलं, कारण बाहेरच्या फलकावर "कृत्रिम बुद्धिमत्तेसह कोलोनोस्कोपी" असं लिहिलेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते वाचून मला उगाच धीर आला होता. डॉक्टरांनी व्हिडिओ मागे नेला. चौकट एका बुडबुड्यावर आली, एका घडीवर आली, अन्नाच्या कणावर आली. माझ्या डागावर ती आली, पण श्लेष्मा धुतल्यानंतर. यंत्राला पडद्यावर जे दिसतं तेवढंच ते बघतं, असं ते म्हणाले. घडीमागे दुर्बीण वळवणं, धुणं, थांबणं हे त्याला करता येत नाही. मळाखालचं तर कोणालाच दिसत नाही.

म्हणून ते बिनकामाचं आहे असं मुळीच नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. २०२० साली इटलीत झालेल्या चाचणीत यंत्राची मदत नसताना ४०.४ टक्के लोकांत किमान एक अडेनोमा, म्हणजे पुढे बिघडू शकणारा पॉलिप, सापडला होता. मदत असताना ५४.८ टक्के लोकांत. आणि डॉक्टरांच्या सापडण्याच्या प्रमाणात एक टक्क्याची भर पडली की त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी घटतो, असं २०१४ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली, ती त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५मध्ये आलेली. पोलंडमध्ये यंत्राची सवय झालेल्या अनुभवी डॉक्टरांनी यंत्र बंद ठेवून केलेल्या तपासण्या बघितल्या, तर त्यांचं सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलेलं होतं. मला हे वाचायला मिळालं असतं तरी पटलं असतं. कॅल्क्युलेटर हाती आलेल्या मुलांच्या पाढ्यांचं काय होतं ते मी वर्गात बघते.

"तुमचं प्रमाण किती?" मी विचारलं. नवऱ्याने माझा हात दाबला. डॉक्टरांना मात्र राग आला नाही. त्यांनी आकडा सांगितला, आणि म्हणाले की आपल्या लोकांत पॉलिप मुळातच कमी आढळतात, म्हणून युरोप-अमेरिकेच्या आकड्याशी तो तसाच ताडून बघू नका. पण विचारा जरूर. असं विचारणारे पेशंट आले तर आम्ही मोजत राहू.

घरी आल्यावर मी दादाकडे गेले. तो दुकानात बसला होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी त्याला फोटो दाखवला, निळ्या गादीवरचा तो डाग. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितला. "माझाही एकदा एवढाच असेल ना, बाय?" म्हणाला. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार. अमेरिकेत ज्यांचे अडेनोमा वेळेत काढले त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, आणि २०१२ साली जाहीर झालं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मला पाठ आहे. दादासमोर तो माझ्या तोंडून निघाला नाही.

धाकट्याला फोन दादानेच केला. काय बोलला ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

जानेवारीत एका रात्री नऊला धाकट्याचा फोन आला. आवाज लहान केलेला, बायको-मुलांपासून लांब गॅलरीत उभा असणार. "ताई, सोलकढी चालते?"

"नाही. लाल काही नको. शहाळं घे."

"आणि सकाळचं औषध मी आत्ताच पिऊन टाकू? चारला कोण उठतो?"

"मी उठते," म्हटलं. गजर पावणेचारचा लावला. चारला फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे चमचा ग्लासात फिरत होता. आम्ही साडेपाचपर्यंत बोलत बसलो, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, मध्ये मध्ये तो "थांब, आलो" म्हणून जाऊन यायचा. सहाला त्याने सांगितलं, "नितळ झालं गं."